पाणी पाहून बंदूक घ्यावी

सिडनी,
12 ऑक्टोबर

प्रिय अनंत यास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. वोलोंगाँगला मनासारखे घर मिळाले, वहिनींची नोकरी सुरू झाली आणि मुले नव्या शाळेत रुळली हे वाचून फार बरे वाटले. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, दुकानात 130 सेंटिमीटरची, दोन रबरांची लाकडी स्पिअरगन (रबराच्या ताणाने भाला सोडून पाण्याखाली मासे मारायची बंदूक) पाहून ठेवली आहे, ती उन्हाळ्याआधी घेऊन टाकू का. माझे उत्तर असे की, ती आता घेऊ नकोस. मोठा किंगफिश मासा मारायचा म्हणून मोठी बंदूक, असा हिशेब बहुतेकांच्या मनात असतो. परंतु स्पिअरगन माशावरून निवडायची नसते, पाण्यावरून निवडायची असते. ज्या पाण्यात तू उतरणार आहेस त्यात किती अंतरावरचे दिसते, ते आधी पाहावे आणि मगच नळीची लांबी ठरवावी.

तुझी ती 130ची बंदूक तिच्या जागी उत्तम आहे. ती जागा म्हणजे किनाऱ्यापासून दूरचे, तळ न दिसणारे निळे पाणी, जिथे मासा लांबूनच दिसतो आणि लांबूनच मारावा लागतो. आपल्या किनाऱ्यावर नेहमीच्या दिवशी पाच ते दहा मीटरपर्यंतचे दिसते आणि खडकांच्या फेसाजवळ त्याहूनही कमी. अशा पाण्यात मासा दिसतो तेव्हा तो दोन-तीन मीटरवर आलेला असतो, बहुधा बाजूने किंवा पाठीमागून. त्या क्षणी एवढी लांब नळी आडवी फिरवायला गेलास तर पाणी तिला अडवते, आणि टोक वळेपर्यंत मासा गेलेला असतो. शिवाय खडकांच्या कपारीत ती धड शिरतही नाही.

म्हणून आधी पाण्याविषयी सविस्तर लिहितो. इथले पाणी वाऱ्यावर चालते. उन्हाळ्यात दुपारनंतर ईशान्येचा वारा सुटतो, आणि तो सलग काही दिवस टिकला की किनाऱ्यालगतचे वरचे कोमट पाणी बाहेर समुद्राकडे सरकते व त्याची जागा घ्यायला खालचे थंड, हिरवट पाणी वर येते. वारा किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहत असूनही असे घडते, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे दक्षिण गोलार्धात पाण्याचा वरचा थर वाऱ्याच्या डावीकडे ढकलला जातो. त्यामुळे भर जानेवारीत, आकाश निरभ्र असताना आणि किनाऱ्यावर माणसे उन्हाने भाजत असताना, पाण्यात मात्र हुडहुडी भरते आणि किंगफिश कुठे दिसत नाही. दक्षिणेचा वारा याच्या उलट काम करतो. तो बाहेरचे उबदार निळे पाणी किनाऱ्याकडे दाबतो; पण येताना मोठी लाट घेऊन येतो, म्हणून तो चालू असताना उतरण्यात अर्थ नसतो. तो पडल्यावर लाट बसत आली की जो एखादा दिवस मिळतो, तो मात्र सोडू नये. हिवाळ्यातला पश्चिमेचा वारा आपल्याकडच्या मतलई वाऱ्यासारखा जमिनीवरून समुद्रात जातो. तो किनाऱ्याजवळचा समुद्र सपाट करतो आणि पाणी पुष्कळदा काचेसारखे होते.

लाटेचा अंदाज पाहताना केवळ उंची पाहू नकोस. दोन लाटांमधले अंतर किती सेकंदांचे आहे, हा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. सात सेकंदांची दीड मीटरची लाट वरवर खवळलेली दिसते, पण तिचा जोर खाली फार पोहोचत नाही. उलट चौदा सेकंदांची एक मीटरची लाट दुरून निरुपद्रवी दिसते आणि खडकावर आल्यावर उभी राहते, तळाची वाळू उचलते व बाहेर पडण्याची वाट बंद करते. खडकावरून उतरण्यापूर्वी निदान पंधरा-वीस मिनिटे बसून समुद्र पाहावा. मोठ्या लाटांचा गट अधूनमधूनच येतो, आणि तो पाहिल्याशिवाय कुठून उतरायचे व कुठून वर यायचे हे ठरवता येत नाही.

तुझ्या भागात एक गोष्ट विशेष आहे. इलावारा सरोवराचे मुख समुद्राला उघडे असल्यामुळे ओहोटीला सरोवरातले तपकिरी पाणी विंडांगजवळ बाहेर पडते आणि आसपासचे खडक गढूळ करते. तिथे जायचेच असेल तर भरतीच्या शेवटच्या दोन तासांत जावे, म्हणजे बाहेरचे स्वच्छ पाणी आत आलेले असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा भांगाच्या दिवसांत हा त्रास कमी असतो. हे सारे तुला मालवणच्या खाडीवरून ठाऊक आहेच. मोठा पाऊस झाला की मात्र दोन-तीन दिवस सगळाच किनारा विसरावा.

आता माशांकडे वळतो. पहिल्या उन्हाळ्यात तू फ्लॅटहेड, लेदरजॅकेट आणि लुडेरिक या तिघांवर हात बसवावास असे मला मनापासून वाटते. फ्लॅटहेड खडक संपून वाळू सुरू होते त्या कडेवर अंगावर वाळू ओढून पडलेला असतो. डोळे आणि डोक्याची चपटी बाह्यरेखा एवढेच दिसते, आणि नजर तयार होईपर्यंत माणूस त्याच्या वरून पोहत निघून जातो. न्यू साउथ वेल्समध्ये डस्की फ्लॅटहेड 36 ते 70 सेंटिमीटर एवढाच घेता येतो आणि दिवसाला पाच. वरची मर्यादा अशासाठी की मोठे फ्लॅटहेड माद्या असतात आणि पुढची पिढी त्यांच्यावर चालते. मला हा नियम सर्व नियमांत शहाणा वाटतो. लुडेरिक खडकाच्या फेसात शेवाळ खायला येतो. त्याची किमान लांबी 27 सेंटिमीटर आहे. तो बुजरा नाही, पण सतत हलतो, म्हणून नेम शिकायला चांगला. तांबडा मोरवाँग सर्वांत सोपा, कारण तो आपली कपार सोडत नाही. नेमक्या याच कारणासाठी तो जपून घ्यावा, कारण एकाच खडकावर आठवडोन्आठवडे जाऊन त्याला मारत राहिले तर तो खडक ओस पडतो.

मलोवे हा आपल्या घोळीच्याच कुळातला मासा आहे. दिवसा तो कपारींच्या अंधारात स्थिर उभा राहतो, आणि बाहेरच्या उजेडातून आत डोकावले तर प्रथम काहीच दिसत नाही. डोळे सरावल्यावर कडेने ओळीने चमकणारे चंदेरी ठिपके दिसू लागतात, आणि मग कळते की समोर हातभर अंतरावर भला मोठा मासा आहे. किमान 70 सेंटिमीटर आणि दिवसाला एकच, अशी त्याची मर्यादा आहे. त्याच्यासाठी आखूड बंदूकच हवी.

तुझ्या मनात बसलेला पिवळ्या शेपटीचा किंगफिश पूर्व ऑस्ट्रेलियाच्या उष्ण प्रवाहाबरोबर येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो प्रवाह किनाऱ्याला पाणी सर्वांत उबदार ठेवतो, तेव्हा पोर्ट केम्बलासमोरच्या फाइव्ह आयलंड्स या बेटांच्या आसपास त्याची वाट पाहावी. किंगफिश अतिशय चौकस असतो. त्याच्या मागे पोहत गेलास तर तो कधीही हाती लागणार नाही. पण तू पाच-सहा मीटर खोल जाऊन हालचाल न करता, त्याच्याकडे सरळ न पाहता थांबलास तर तो स्वतःच वळून येतो, डोळा रोखून तुला न्याहाळत बाजूने जातो आणि परत फिरतो. ज्या क्षणी त्याची पूर्ण कूस तुझ्यासमोर येते, त्या क्षणी कल्ल्याच्या झाकणाच्या थोडे मागे, कण्याच्या रेषेवर भाला सोडावा. त्याचे मांस मऊ असते. पोटात लागलेला भाला फाडून तो निघून जातो आणि कुठेतरी तडफडून मरतो. म्हणून खात्री नसेल तर न मारणे हेच योग्य. किमान लांबी 65 सेंटिमीटर, दिवसाला पाच. खाण्यापुरता एक घ्यावा.

असा किंगफिश हा 90च्या बंदुकीचा मासा आहे, 130च्या नव्हे, कारण तो आपल्याकडे येतो. आणि एक ध्यानात ठेव की मास्कमधून पाण्यातील वस्तू सुमारे एक-चतुर्थांश जवळ आणि एक-तृतीयांश मोठी दिसते. चार मीटरवरचा मासा तीन मीटरवर भासतो. नवा माणूस म्हणून दुरून मारतो, आणि घरी येऊन बंदुकीत दम नाही असे म्हणतो.

तर, बंदूक. 90 सेंटिमीटरची, अॅल्युमिनियमच्या नळीची, वर भाल्यासाठी खाच असलेली रेलगन घे. भाला 7 मिलिमीटरचा, स्प्रिंग-स्टीलचा, मासा निसटू नये म्हणून टोकाशी बिजागरीवर उघडणारे एकच पाते असलेला. रबर 16 मिलिमीटरचे, आणि सुरुवातीला एकच. दक्षिण आफ्रिकेतली रॉब अॅलन ही कंपनी या धर्तीची साधी, धट्टीकट्टी बंदूक बनवते. तिचे सुटे भाग इथे सहज मिळतात आणि माझ्या मते नवशिक्यासाठी हाच सर्वांत मोठा गुण आहे. कार्बनची नळी हलकी असते, पण खडकावर आपटण्याच्या दिवसांत तिचा खर्च करू नये. रोलरगन (तोंडाशी चाके असून रबर नळीच्या खालूनही ताणले जाते ती) चांगली असते, मात्र तिची रबरे चढवण्याचे तंत्र वेगळे आहे. हवेच्या दाबाच्या बंदुकीच्या वाटेला जाऊ नकोस. तिचा जोर पुष्कळ, पण एकदा आतले वॉशर गळू लागले की समुद्रात काहीच करता येत नाही. गढूळ पाण्यासाठी आणि कपारींसाठी पुढे 75ची दुसरी घेता येईल.

दुकानात बंदूक हातात घेतल्यावर तिची मूठ पाहा. हातमोजा घालून ट्रिगरवर बोट मोकळे पोहोचते का, डोळ्यांसमोर धरल्यावर मनगट वाकवावे न लागता नजर भाल्यावरून सरळ जाते का, एवढे पाहिलेस तरी पुरे. रबर चढवणे ही ताकदीपेक्षा पद्धतीची गोष्ट आहे: मुठीचा मागचा भाग छातीवर टेकवायचा, दोन्ही हातांनी रबर समान ओढायचे आणि विशबोन (रबराच्या मधला, भाल्यात अडकवायचा दुवा) भाल्याच्या खाचेत बसल्याची बोटाने खात्री करायची. हे सर्व पाण्यातच. जमिनीवर, होडीत, खडकावर बंदूक कधीही भरायची नाही, आणि वर येण्यापूर्वी ती रिकामी करायची. परत आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन रबरे सावलीत ठेवावीत, कारण उन्हाने ती चिरतात.

बंदुकीवर वाचलेले पैसे मास्क, वेटसूट आणि तरंगत्या बोयावर खर्च कर. मास्क कमी पोकळीचा, चेहऱ्याला बसणारा. उन्हाळ्यात 3 आणि हिवाळ्यात 5 मिलिमीटरचा सूट. निळ्या-पांढऱ्या निशाणाचा बोया दोरीने बंदुकीला बांधलेला असावा, म्हणजे होडीवाल्याला तू दिसतोस, मोठा मासा बंदूक घेऊन पळाला तरी ती हरवत नाही, आणि मारलेले मासे कमरेला न अडकवता दूर बोयावर लावता येतात. शार्कच्या पाण्यात हे शेवटचे कारण सर्वांत मोठे आहे.

एकट्याने कधीही जाऊ नकोस, आणि याबाबतीत मी तुझे काहीही ऐकणार नाही. बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घेतल्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, केवळ कर्बवायू कमी होतो आणि श्वास घेण्याची इच्छा उशिरा होते. मग वर येताना दाब कमी होत जातो तशी शेवटच्या काही मीटरांत शुद्ध जाते; माणसाला आधी काही जाणवतही नाही. एक खाली, दुसरा वर त्याच्याकडे पाहत, आणि जितका वेळ खाली राहिलास त्याच्या किमान दुप्पट वेळ पृष्ठभागावर विश्रांती.

मासेमारीचे शुल्क भरून त्याची पावती बरोबर ठेव. इथे स्कूबाची टाकी लावून किंवा दिवा घेऊन भालाशिकार करता येत नाही, आणि पुळणीवर दोन्ही टोकांचे शेवटचे 20 मीटर सोडले तर कुठेही नाही. बास पॉइंटला जाशील तेव्हा तिथले बुशरेंजर्स बे हे राखीव क्षेत्र आहे हे लक्षात असू दे. तिथे काहीही घ्यायचे नाही. निळा ग्रोपर तर 1969 पासून भाल्यापासून संरक्षित आहे. तो तुझ्याजवळ येईल, अगदी हात लावता येईल इतका. जाड ओठ, लहान फिरते डोळे, आणि तू दगड हलवलास तर त्याखालचा अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) खायला वाट पाहत थांबेल. तपकिरी दिसतात त्या माद्या, आणि त्यांतलीच एखादी पुढे निळा नर होते, म्हणून एक नर मारला की सगळ्या खडकाची घडी विस्कटते. करडा नर्स शार्कही तसाच निरुपद्रवी. साठच्या दशकात भालेवाल्यांनी त्याला इतके मारले की 1984 मध्ये या राज्याला त्याला कायद्याने संरक्षण द्यावे लागले. 1965 साली ताहितीत भालाशिकारीची जागतिक स्पर्धा जिंकलेल्या रॉन टेलर यांनी आणि त्यांच्या पत्नी व्हॅलरी यांनी पुढे भाला ठेवून कॅमेरा हाती घेतला. आपण भाला धरतो आहोत तर ही आधीची गोष्ट माहीत असलेली बरी.

माझी जुनी 90ची रेलगन घरात पडून आहे. तिला नवे रबर लावून ठेवतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी तुझ्याकडे येतो, तोवर पैसे हातातच ठेव. दक्षिणेचा वारा पडेल त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बास पॉइंटला राखीव हद्दीबाहेर उतरू, आणि पहिल्या तासाला बंदूक बोयावरच ठेवून नुसते मासे पाहू. त्याआधी तू रोज सकाळी कामावर जाताना वारा, लाटेचे सेकंद आणि पाण्याचा रंग एका वहीत लिहीत जा. आल्यावर ती वही मला दाखव.

वहिनींना नमस्कार सांग, मुलांना अनेक आशीर्वाद. काकूंना मालवणला फोन करशील तेव्हा माझा नमस्कार कळव. मात्र शार्कविषयी त्यांच्याशी बोलू नकोस.

तुझा,
श्रीधर