घरच्या कॉम्प्युटरबद्दल, खानापूरला

तीर्थरूप आप्पा आणि आई यांना शि. सा. नमस्कार वि. वि. आजोबांना दंडवत, दादा-वहिनी आणि ताईला नमस्कार, छकुलीला गोड पापा.

मी खुशाल आहे. आई, जेवणाची काळजी करू नकोस, ज्वारीचं पीठ इथं जर्मनीतही मिळतं आणि भाकरी फुगते. आप्पा, इथल्या नोकऱ्या जातायत असं तुम्ही वाचलंत, ते आमच्या खात्याला लागू नाही. खरंच नाही.

दादा विचारत होता, तिकडूनच एखादा जुना कॉम्प्युटर पाठवता येईल का. इथं वस्तू फुकट मिळतात याचं वहिनींनाही नवल वाटत होतं, म्हणून नीट सांगतो. इथं लोक चालू वस्तू घराबाहेर भिंतीला टेकवून ठेवतात. मॉनिटर, कपबशा, पुस्तकं, पोरांचे बूट. वर चिठ्ठी असते की हे फुकट आहे, घेऊन जा. देणाऱ्याला त्यात दानाचा मोठेपणा नाही आणि घेणाऱ्याला कमीपणा नाही. सुटाबुटातली माणसंही वाकून बघतात आणि काखेत मारून चालू लागतात. मात्र दोन-चार दिवसांत कोणी नेलं नाही तर ज्यानं ठेवलं त्यानंच उचलायचं, तिथंच टाकून दिलं तर दंड होऊ शकतो. पण त्यातलं काही आपल्या घरी चालणार नाही. इथल्या कीबोर्डवर झेड आणि वाय यांच्या जागा उलट असतात. प्लगला तिसरी पिनच नसते, अर्थिंग बाजूच्या पट्ट्यांतून मिळतं आणि आपल्या सॉकेटात ते लागत नाही. तेव्हा बेळगावातच घ्या.

दादा, दुकानात हे मागायचं: इंटेल आय३-१२१०० प्रोसेसर. शेवटी ‘एफ’ असलेला स्वस्त म्हणून गळ्यात मारतील, तो घेऊ नकोस. त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड घातल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही. एच६१० मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड. रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या, १६ ची एक नको, कारण दोन्ही खाचा भरल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जास्त वेग मिळतो. बोर्ड डीडीआर४ चा असेल तर रॅमही डीडीआर४ च, डीडीआर५ त्या खाचेत बसत नाही. विंडोजसाठी ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, फोटोंसाठी १ टीबीची साधी हार्ड डिस्क. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज देणारा डबा) काढायला लाव आणि ‘८० प्लस ब्रॉन्झ’ लिहिलेला ४५० वॅटचा घे. पैसे वाचवायचे तर कॅबिनेटवर वाचव, एसएमपीएसवर नको. तो गेला तर बोर्डालाही घेऊन जातो. मॉनिटर २४ इंची आयपीएस. आजोबांना ई-पेपर वाचायला अक्षरं १२५ टक्के करून दे.

सेकंडहँड घ्यायचं ठरलंच तर आठव्या पिढीच्या आधीचा इंटेल नको. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ त्याच्यावर रीतसर चढत नाही.

आता विजेचं. खरेदीआधी वायरमनला बोलावून मल्टिमीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्हीकडे साधारण २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीनपेक्षा जास्त नको. जास्त असेल तर अर्थिंग आणि न्यूट्रल आधी तपासून दुरुस्त करून घ्या. यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारा डबा, ६०० व्हीएचा, लाइन इंटरॅक्टिव्ह. त्यावर दहा-पंधरा मिनिटं मिळतात, ती फाइल सेव्ह करून बंद करण्यासाठी, पुढं काम करण्यासाठी नव्हेत. त्यावर लेझर प्रिंटर लावू नका, त्याच्या हीटरला एकदम जास्त करंट लागतो. आत १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. मृगाआधीच्या गडगडाटात मेन प्लग आणि राउटरचा अडॅप्टर दोन्ही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून येते. पावसाळ्यात कॅबिनेट ओलीच्या भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून वर ठेवा, आणि काम नसलं तरी एक दिवसाआड तासभर चालू ठेवा.

विंडोज पहिल्यांदा सुरू करताना होणारं खातं ॲडमिनिस्ट्रेटर, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, असतं. त्याला ‘घर’ नाव दे आणि पासवर्ड आईच्या डायरीत लिही. बाकी सगळ्यांची खाती स्टँडर्ड, म्हणजे कमी अधिकारांची, तुझंसुद्धा. म्हणजे कोणी काही उतरवून घेतलं तरी पासवर्डशिवाय ते सहसा अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये शिरणार नाही. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं सुरू केलं की डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ आकड्यांची रिकव्हरी की त्या खात्यात मिळते, ती पहिल्याच दिवशी डायरीत उतरवून घे. ती हरवली आणि विंडोजनं मागितली तर फोटो कोणालाच परत काढता येत नाहीत, मलाही नाही. वनड्राइव्हचा (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याचा) बॅकअप बंद कर, फुकटची ५ जीबी जागा लगेच भरते. त्याऐवजी महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर नकल काढ आणि ती डिस्क कपाटात ठेव.

भाषांमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही घाल, विंडोज आणि स्पेसबार दाबला की बदलतात. छकुलीचा अभ्यास कन्नडातला, आप्पांचा उताराही कन्नडातच.

अडलं तर कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाब. क्विक असिस्ट उघडेल, त्यात मी फोनवर सांगितलेला कोड घाल. इथल्या उन्हाळी वेळेत माझे संध्याकाळचे पाच म्हणजे तुमचे साडेआठ, त्या वेळी मी असतोच. दुसऱ्या कोणीही फोन करून असा कोड घालायला सांगितलं, बँकेचं नाव घेतलं तरी, फोन ठेवून द्या. आजोबांना हे दोनदा सांगा.

६०,००० रुपये दादाच्या खात्यावर पाठवलेत. ते फक्त यासाठीच. ताईच्या लग्नाचे वेगळे ठेवलेत, त्यांना हात लावलेला नाही. साखरपुड्याला रजा मिळत नाही, मी विचारून बघितलं. ताई, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरा, मी आठवडाभर आधी येतो आणि मांडवाचं सगळं माझ्याकडे. पत्रिका छापणाऱ्याकडून पीडीएफच मागा. त्यांच्या श्रीलिपीतली फाइल घरच्या कॉम्प्युटरवर उघडली तर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात आणि आजोबांना मजकूर तपासता येणार नाही. माझ्या स्थळाचं ताईचं पार पडेपर्यंत काढू नका. आत्याला मीच फोन करतो.

तुमचा,
धाकटा