कालवा खोदण्याआधी बेंचमार्क तपासा : जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री महोदय, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातला सर्वेअर. कालव्यांची लेव्हल घेण्यात बावीस वर्षं गेली. घरचं वावर कोरडवाहू, त्यामुळे वैनगंगा-नळगंगा जोडकालवा व्हावा असं मनापासून वाटतं. म्हणूनच हे खोदकामाआधी लिहितो आहे.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी सुमारे सव्वाचारशे किलोमीटर बुलढाण्याकडे न्यायचं आहे. अशा कालव्याला उतार अगदी थोडा असतो. दहा हजारास एक धरला तर किलोमीटरमागे फक्त 10 सेंटिमीटर. हा उतार जमिनीवर उतरतो बेंचमार्कच्या, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणांच्या भरवशावर, आणि आमचे बरेच बेंचमार्क काळ्या मातीत उभे असतात. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते.

एका वितरिकेच्या (कालव्याच्या छोट्या फाट्याच्या) कामावर बेंचमार्क म्हणून दीड फूट खोल काँक्रीटचा खांब होता, डोक्यावर पितळी बटण. मे महिन्यात खांब आणि माती यांच्यामधल्या फटीत माझी स्टीलची पट्टी सहज खाली गेली. जवळच्या पुलावर दुसरी खूण होती. दोन्हींच्या उंचीतला फरक टिपून ठेवला. सप्टेंबरात पुन्हा घेतला तर 18 मिलिमीटर वेगळा. माझंच चुकलं असेल म्हणून लेव्हलचं यंत्र तपासलं, सगळं पुन्हा फिरलो. आकडा तोच.

हलला खांब की पूल? दोनच खुणा असल्या तर हे कळायला मार्ग नाही. पाच-सहा खुणा एकमेकींशी जोडून मोजल्या, तर ज्यांचं आपसात जुळतं त्या टिकतात आणि हललेली एकटी उघडी पडते. मोठ्या धरणांवर म्हणूनच ठरावीक काळाने खुणांचं सगळं जाळं नव्याने मोजतात. कुठलाही बिंदू आधीच पक्का धरत नाहीत. फरक मोजणीच्या नेहमीच्या चुकीपेक्षा मोठा आहे का, ते गणिताने पाहतात, आणि हललेला बिंदू आधारातून काढतात. मी पाहिलेल्या कामांवर तफावत सगळ्या बिंदूंवर वाटून टाकली गेली. एका खांबाचा दोष चांगल्या खांबांच्या माथी!

मी हे लेखी दिलं. उत्तर मिळालं, ‘3 किलोमीटरला 20 मिलिमीटरपर्यंत चालतं.’ साहेब, ती सूट माझ्या हातून होणाऱ्या बारीक चुकांसाठी आहे. फुगलेल्या मातीने उचललेल्या खांबासाठी नाही.

भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्बटन ते काम करता करता 1823 साली आमच्या हिंगणघाटला वारले, त्यांची कबर तिथेच आहे. त्या काळीसुद्धा मधूनमधून नवी आधाररेषा (जमिनीवरची एक सरळ रेघ) प्रत्यक्ष मोजून आधीचं गणित ताडून पाहत. आज आमच्याकडे कोन आणि अंतर मोजणारं टोटल स्टेशन यंत्र आहे, उपग्रह आहेत. ताडून पाहायला मात्र टेंडरमध्ये पैसा धरलेला नसतो.

तो धरा. मुख्य खुणांसाठी खडकापर्यंत बोअर घ्या, आत रॉड आणि भोवती केसिंगचा पाइप, म्हणजे माती रॉडला धरून उचलणार नाही. खोल काळ्या मातीत इमारतीचे पाइल (पायाचे खांब) किमान 3.5 मीटर नेतात, मग कालव्याचा बेंचमार्क दीड फुटावर कसा चालतो? मे आणि सप्टेंबर, दोन्ही वेळा पूर्ण जाळं मोजून घ्या, आणि ते कंत्राटदाराच्या माणसांकडून नको. आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा.

माझ्या वहीतली दोन्ही वेळची रीडिंगं तारखांसकट आपल्या कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे.

आपला,
वर्धा जिल्ह्यातील एक सर्वेअर