मार्लिकच्या बैलाची ओळख करून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

सादर नमस्कार. उत्तर इराणमधील गिलान प्रांतात सापडलेल्या, बैलाच्या आकाराच्या प्राचीन मातीच्या भांड्यांविषयी मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला आपण निवृत्तीनंतरही वेळ काढून सविस्तर उत्तर दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मातीकाम करणाऱ्या इतरांनाही आपली माहिती उपयोगी पडावी, म्हणून ते जाहीरपणे लिहिते.

मी मातीकाम शिकवते, त्यामुळे माझे लक्ष आधी घडणीकडे गेले होते: आखूड पाय, पोकळ अंग आणि भाजण्यापूर्वी घोटून आणलेली तांबूस चकाकी. बैलाचे लांबट मुस्कट हीच भांड्याची चोच आहे, हे मात्र आपण छायाचित्रांवर बोट ठेवून दाखवलेत. भांडे पुढे कलवले की आतला द्रव बैलाच्या तोंडातून बाहेर पडतो, आणि म्हणूनच ही भांडी रोजच्या वापराची नसून तर्पणासारख्या विधीची असावीत, असे अभ्यासक मानतात. आणि ते वशिंड! अंगाच्या मानाने इतके मोठे, की बाकीचा बैल जणू त्याला आधार म्हणून घडवला असावा. वशिंडाची गुरे सिंधू खोऱ्याकडच्या प्रदेशात माणसाळवली गेली आणि तिथून पश्चिमेकडे पसरली, हे आपल्याकडून ऐकल्यापासून हा बैल मला आपल्या खिलारांच्या भाऊबंदांतला वाटू लागला आहे.

तरी आपले सर्वांत मोठे ऋण आहे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पुष्कळ संग्रहालयांत अशा भांड्यांपुढे ‘अमलश’ असे लिहिलेले असते. हे गिलानमधल्या एका गावाचे नाव जुन्या वस्तूंच्या व्यापारामुळे रूढ झाले. चोरून उकरलेल्या वस्तू बाजारात येत, तेव्हा त्या कोणत्या थडग्यातल्या, कशाच्या शेजारी ठेवलेल्या, हे सांगणारी एकही नोंद त्यांच्यासोबत नसे. याउलट सफीदरूद नदीच्या परिसरातील मार्लिकच्या टेकडीवर इझतुल्ला नेगहबान यांनी १९६१-६२ मध्ये शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि तेथील ५३ थडगी उजेडात आली. इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षांच्या आसपासचा, असे मी वहीत चुकून लिहू नये म्हणून आपण काळही नीट समजावलात: इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकाची अखेर आणि पहिल्याचा आरंभ, म्हणजे आजपासून सुमारे तीन हजार वर्षांमागचा.

दगडांनी बांधलेल्या त्या थडग्यांत मातीच्या बैलांबरोबर काशाची शस्त्रे होती, सोन्याचांदीचे पेले होते. एका सोन्याच्या पेल्यावर झाडाच्या दोन्ही बाजूंना पंखधारी बैल उभे आहेत आणि त्यांची डोकी पेल्याच्या पृष्ठभागातून पुढे आलेली आहेत. मातीच्या काही बैलांच्या कानांतही सोन्याच्या बाळ्या आढळल्या. ज्यांच्याकडे सोने होते, त्यांनीच मातीही निवडली, तेव्हा माती ही त्यांच्या लेखी हलकी वस्तू नव्हती, हे आपले म्हणणे माझ्यासारख्या कुंभारकाम करणाऱ्या बाईला किती मोलाचे वाटले, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. बाजारातून आलेला एकटा बैल कितीही देखणा असला, तरी हे शेजार तो सांगू शकत नाही.

आपण काढून दिलेली भांड्याच्या उभ्या छेदाची आकृती मी वर्गात लावली आहे. विद्यार्थ्यांची भांडी भाजून झाली की त्यांची छायाचित्रे आपल्याकडे पाठवीन. चोचीचा उतार नीट साधला आहे का, ते कृपया पाहावे.

आपली नम्र,
मातीकामाची एक शिक्षिका