गाडीचा रिव्ह्यू करायचा तर आधी मोजायला शिका

संपादक महोदय,
स. न.

यूट्यूबवर गाड्यांचे रिव्ह्यू करून पोट भरावे असे इंदुरातल्या अनेक मराठी मुलांच्या मनात आहे. हरकत काहीच नाही. पण ड्रोन आणि कॉलर माइकवर पैसे घालण्याआधी त्यांनी मोजायला शिकावे, अशी कळकळीची विनंती आहे. त्यांच्या शब्दावर लोक आठ-दहा लाखांचे कर्ज काढतात.

अ‍ॅव्हरेजचेच घ्या. डिस्प्लेवरचा आकडा वाचून दाखवला म्हणजे चाचणी झाली असे नाही. पहिल्या ऑटो-कटला, म्हणजे नोझल आपोआप बंद पडताच, टाकी भरणे थांबवायचे आणि ट्रिप मीटर शून्यावर आणायचा. परत येऊन त्याच पंपावर, त्याच नोझलने, गाडी त्याच जागी उभी करून पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायची. मग किलोमीटरला लिटरने भागायचे. पंपावरच्या मुलाने कटनंतर रक्कम ‘राउंड’ करायला थोडे आणखी भरले की हिशेब बिघडला. 120 किलोमीटरला 6 लिटर लागले तर अ‍ॅव्हरेज 20 येते; एक लिटर जादा गेले तर तेच 17 वर उतरते. 500 किलोमीटर चालवले असेल तर तेवढीच चूक 19.2 दाखवते. म्हणून रिंग रोडची एक चक्कर पुरत नाही. हवाही टायर गार असताना भरायची, आणि एसी चालू होता का, गाडीत किती जण होते, हे बोलून सांगायचे.

ग्राउंड क्लिअरन्सचा जाहिरातीतला आकडा बहुधा रिकाम्या गाडीचा असतो. घरची चार माणसे बसवा, डिकीत बॅगा ठेवा आणि गाडीच्या पोटाखालच्या सर्वांत खालच्या भागापासून जमिनीपर्यंत टेप लावा. कॉलनीतल्या स्पीड ब्रेकरवर गाडी घासणार की नाही, ते तिथे कळते. तेच वजन घेऊन, एसी लावून भेरूघाट चढावा.

नवी गाडी बाजारात आणताना कंपनी रिव्ह्यूवाल्यांना ती चालवायला देते, त्या लाँच ड्राइव्हमध्ये यातले काही होत नाही. गाडी टॉप मॉडेलची, रस्ता कंपनीने ठरवलेला, हाती जेमतेम काही तास. मधल्या व्हेरिएंटसाठी ओळखीच्या मालकाची गाडी मागावी, पण भाडे देऊन नव्हे. खासगी नंबरची गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. आणि बायपासवर शून्य ते शंभरचा वेग कृपा करून मोजू नका. अशा चाचण्यांसाठीच पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा ट्रॅक 2021 मध्ये खुला झाला आहे.

यूट्यूबवरच्या जाहिरातींच्या पैशांतला वाटा मिळायला 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तासांचा वॉच टाइम लागतो. सुरुवातीला त्यातून पेट्रोलही सुटत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी डीलरची ऑफर येते. ती घ्यावी, पण लपवू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जानेवारी 2023 च्या सूचनांनुसार पैसे, भेटवस्तू, फुकट प्रवास, सगळे उघड करावे लागते. तेही खाली डिस्क्रिप्शनमध्ये नव्हे, तर व्हिडिओतच, बोलून आणि लिहून. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत सामील झालेल्याला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्या पुरवणीतही नव्या गाड्यांची माहिती येते. चाचणीची गाडी कोणी दिली आणि अ‍ॅव्हरेज कसे मोजले, एवढी एक ओळ तिथे छापावी.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर