सई तुमच्या हिरव्यात चालली, मेधा

नोव्हाय, मिशिगन
एप्रिल

प्रिय मेधा,

फोनच करणार होते, पण फोनवर तू आधी पोट धरून हसशील आणि पुढचं काही ऐकून घेणार नाहीस. म्हणून लिहितेय. सईला ईस्ट लान्सिंगला, तुझ्या मिशिगन स्टेटला जायचंय. ॲन आर्बरचं, आमच्या युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनचं प्रवेशाचं पत्र आलंय, आणि पोरीला तुमच्याकडे जायचंय. हिरवा शर्ट, ‘गो ग्रीन’, सगळं.

हसून झालं की पुढे वाच. यात मला तुझी गरज आहे.

आम्ही बरे आहोत. माझं बीपी गोळीवर, श्रीरंगचा गुडघा आहे तसाच.

झालं असं, की प्रवेश दोन्हीकडे मिळाला, पण ॲन आर्बरच्या क्रॉस कंट्री टीममध्ये, म्हणजे रानातून, चढउतारावरून लांब पळणाऱ्यांत, तिला जागा नाही. त्यांना जो वेळ लागतो त्याच्या ती थोडी मागे आहे. तसं त्यांनी वेळेवर आणि नीट सांगितलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. ईस्ट लान्सिंगला टीममध्ये घेतायत, वॉक-ऑन म्हणून. स्कॉलरशिप नाही, फी आपणच भरायची, पण रोज टीमबरोबर पळायचं. म्हणजे पळणं सोडून ॲन आर्बर, की पळण्यासाठी ईस्ट लान्सिंग, एवढाच प्रश्न. 1 मेच्या आत कळवायचंय. श्रीरंग म्हणतो, यंदा महाराष्ट्र दिनाला आपल्या दारात झेंडा पिवळा-निळा लागणार की हिरवा-पांढरा ते बघू.

बोलतो गमतीत, पण त्याचं मत पक्कं आहे: ॲन आर्बर मिळालं की सोडायचं नसतं. मंडळातही सगळ्यांचं तेच. पाडव्याच्या कार्यक्रमात तीनजणींनी मला बाजूला घेऊन समजावलं. त्यातली एक म्हणाली, ‘अगं, पळायला काय, घराभोवती पण पळता येतं.’ मेधा, त्या वाक्यावर मला जे वाटलं ते तुलाच कळेल.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. रात्री जेवताना तिला फेरी फील्डची गोष्ट सांगितली. तुलाही सांगितली होती, तुझ्या पहिल्या हिवाळ्यात त्या पाटीसमोर उभं करून, आणि तू म्हणाली होतीस, थंडीत मरतेय, पुढे चल. 25 मे 1935, जेसी ओवेन्स, पाऊण तासात तीन जागतिक विक्रम मोडले आणि चौथ्याची बरोबरी केली. आमच्या ॲन आर्बरमध्ये! सईनं शांतपणे भाकरी मोडली आणि म्हणाली, ‘आई, तो ओहायो स्टेटचा होता.’ मग तिनं सुरुवात केली. कॉलेजांची राष्ट्रीय क्रॉस कंट्री स्पर्धा पहिल्यांदा झाली 1938 मध्ये, ईस्ट लान्सिंगला. पुढे 1964 पर्यंत ती तिथेच होत राहिली. मिशिगन स्टेटच्या मुलांनी ती आठ वेळा जिंकलीय आणि मुलींनी 2014 मध्ये. मी म्हटलं, आमच्या मुली 2016 मध्ये दुसऱ्या आल्या होत्या. ‘एका पॉइंटनं हरल्या,’ ती म्हणाली. ‘ओरेगन 125, मिशिगन 126.’ क्रॉस कंट्रीत पहिल्या पाचजणींचे नंबर मिळवतात आणि ज्यांची बेरीज कमी ते जिंकतात. म्हणजे पाचातल्या एकीनं, कुठेतरी चढावर, पुढची एक पाठ गाठली असती तर बरोबरी झाली असती. हे सांगताना तिचे डोळे भरले होते. आमच्या टीमसाठी! त्या मुली धावल्या तेव्हा ही तिसरी-चौथीत असेल. श्रीरंगनं मुकाट्यानं आमटी वाढून घेतली.

तर ही लढाई मी इतिहासावर जिंकू शकत नाही. आणि फुटबॉलवर तर नकोच. 2015 चं नवरात्र मी विसरलेली नाही. आमचं बेसमेंट, तुझ्या हातात उपासाच्या खिचडीची ताटली, आम्ही 23-21 नं पुढे, दहा सेकंद उरलेली, नुसता पंट मारायचा होता, चेंडू लाथेनं लांब उडवून द्यायचा. श्रीरंग चहा टाकायला वर गेलासुद्धा. त्या बिचाऱ्या ऑस्ट्रेलियन पोराच्या हातून चेंडू निसटला, तुमच्या वॉट्स-जॅक्सननं उचलला आणि वेळ संपता संपता टचडाउन. 27-23. खिचडी गालिच्यावर आणि तू सोफ्यावर उभी. तुझी ती किंकाळी मला अजून ऐकू येते. पण मग तूच आधी थांबलीस. सगळी टीम त्याच्या अंगावर पडली होती आणि तू म्हणालीस, ‘वृंदे, तो उठत नाहीये, त्याचा पाय बघ.’ कंबरेचा सांधा गेला होता त्याचा. मी तेव्हा स्कोअरच बघत होते. त्यानंतर दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही ते त्या मॅचवरून नव्हे, तू जाताना ‘धाकट्या भावाला विचारून ठेवा’ म्हणालीस त्यावरून. तेही मूळ आमच्याच खेळाडूचं, माइक हार्टचं, 2007 चं. त्यानं तुम्हाला धाकटा भाऊ म्हटलं आणि पुढच्या आठ वर्षांत तुम्ही सात वेळा जिंकलात. ते भांडण आता मिटलं असं समजते. 2023 चे आमचे 49-0 मी काढत नाही.

आता खरी काळजी. 2025 च्या जूनमध्ये कोर्टाने कॉलेजच्या खेळाडूंना पैसे देण्याबद्दलचा तो समझोता मान्य केला, तुझ्याकडच्या पेपरात आला असेल-नसेल. आता कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात, पहिल्या वर्षी एका कॉलेजला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. चांगलं आहे, इतकी वर्षं त्या पोरांच्या घामावर बाकीचे श्रीमंत होत होते. पण बहुतेक पैसा जातो फुटबॉलला आणि मुलांच्या बास्केटबॉलला, आणि त्याचबरोबर प्रत्येक खेळाच्या टीमला आकडा ठरवून दिलाय. क्रॉस कंट्रीला सतरा. पूर्वी वॉक-ऑन पोरं बरीच असायची, मागे का होईना पळत राहायची, आणि त्यातली एखादी तिसऱ्या वर्षी अचानक पुढे यायची. आता सतरा म्हणजे सतरा. सई बहुधा सोळावी किंवा सतरावी. पुढच्या वर्षी कुणी जास्त वेगाची आली की? शिवाय मोठ्या स्पर्धेत सातच जणी पळतात. मी कोचला हे विचारलं. ती खोटं बोलली नाही. म्हणाली, एका वर्षाचं सांगू शकते, चारचं नाही.

आणि तुमच्याकडे ते पोहण्याचं झालेलं आहेच. ऑक्टोबर 2020 मध्ये जाहीर केलं आणि तो सीझन संपल्यावर पोहण्याच्या दोन्ही टीम बंद, मुलांची आणि मुलींची. जवळपास शंभर वर्षं चाललेलं. त्याच उन्हाळ्यात टोकियोत आमची मॅगी मॅकनील कॅनडासाठी शंभर मीटर बटरफ्लायचं सुवर्ण घेऊन आली. दोन गावांत तासाभराचं अंतर, तीच थंडी, राज्य तेच, आणि एकीकडे पोरी सुवर्ण आणतायत तर दुसरीकडे पोरींना सांगतायत, तुमची टीम नाही. त्या मुली गप्प बसल्या नाहीत, 1972 च्या टायटल नाइन कायद्यावर, शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभाव नको म्हणणाऱ्या, बोट ठेवून कोर्टात गेल्या. मला त्यांचा अभिमान वाटतो. पण आईला अभिमानावर झोप लागत नाही गं. पळणं स्वस्त, बूट आणि रान, म्हणून ते टिकेल असं सई म्हणते. असेलही. पण आमच्या ॲन आर्बरकडे पैसा जास्त आहे, एक लाख सात हजारांचं स्टेडियम भरतं, त्यामुळे छोट्या खेळांवर कुऱ्हाड पडेल ती आधी दुसरीकडे पडेल, असा माझा हिशोब आहे. तू म्हणशील, हे तुमचं नेहमीचं, पैशावरून माणूस मोजायचा. या बाबतीत नाही, मेधा. या बाबतीत पैसा म्हणजे सईची जागा.

आणि एक गोष्ट आहे जी मी श्रीरंगशीसुद्धा सरळ बोललेली नाही. तुमच्या कॉलेजचा तो डॉक्टर, लॅरी नासर, ज्यानं उपचारांच्या नावाखाली मुलींवर अत्याचार केले. जानेवारी 2018 मध्ये लान्सिंगच्या कोर्टात दीडशेहून अधिक मुली एकेक करून उभ्या राहिल्या, तेव्हा तू रोज फोन करायचीस आणि आपण दोघी नुसत्या धरून बसायचो. तुझं कॉलेज होतं ते. तू रडत होतीस ते मला कळत होतं, आणि मला बरं वाटत होतं की सई लहान आहे आणि ती ॲन आर्बरला जाईल. मग आमच्याकडचं बाहेर आलं. आमचाही टीमचा डॉक्टर, कितीतरी वर्षं, बहुतेक मुलगेच, हजारावर. तुमच्या कॉलेजनं पन्नास कोटी डॉलर देऊन मिटवलं, आमच्यानं 2022 मध्ये एकोणपन्नास कोटी. त्या दिवसापासून कोण वर कोण खाली हे बोलायला माझी जीभ वळत नाही. दोन्हीकडे मोठ्या माणसांना मुलांनी सांगितलं होतं आणि मोठी माणसं गप्प राहिली होती.

म्हणून भेटीला गेलो तेव्हा मी ट्रॅक बघितला नाही, जिम बघितलं नाही. उपचारांची खोली दाखवा म्हटलं. सईला लाज वाटली असावी, पण ती काही बोलली नाही. तिथे एक तरुण ट्रेनर होती, बर्फाच्या पिशव्या भरत होती. मी विचारलं, मुलगी तपासायची असेल तेव्हा खोलीत अजून कोण असतं? तिनं हातातली पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे वळली आणि सगळं सांगितलं, कधी दुसरी व्यक्ती हजर राहते, मुलगी नाही म्हणू शकते, तक्रार कुणाकडे करायची. शेवटी म्हणाली, ‘तुम्ही विचारलंत ते बरं झालं. सगळे विचारत नाहीत.’ हाच प्रश्न मी ॲन आर्बरलाही विचारला असता, पण तिथे ती खोली बघायची वेळच येणार नाही.

13 फेब्रुवारी 2023 च्या रात्री तूच पुण्याहून फोन करून मला उठवलंस, तुमच्या कॅम्पसवर गोळीबार झाला म्हणून. तीन पोरं गेली. पाच दिवसांनी ॲन आर्बरला तुमच्याशी बास्केटबॉलची मॅच होती, मी सईला घेऊन गेले. सगळं सभागृह त्या पोरांसाठी गप्प उभं राहिलं. सईनं माझा हात धरला होता, त्या वयात ती कधी धरायची नाही. मला वाटतं तिचं तुमच्याकडे ओढलं जाणं तिथूनच सुरू झालं. तिला विचारलं तर म्हणते, छे, कोच आवडली.

तिला पळताना तू बघितलेलं नाहीस, म्हणून सांगते. नोव्हेंबरात राज्याची फायनल होती, ब्रुकलिनच्या त्या गाड्यांच्या रेसट्रॅकवर. ओलं गवत, खाली चिखल, वर वारा. दोन मैलांपर्यंत ती मध्येच कुठेतरी होती. मग मला दिसली, तोंड उघडं, नंबरची एक पिन सुटून कागद फडफडतोय, आणि तो तिनं दातात धरला. नंबर दातात धरून शेवटचा अर्धा मैल पळाली मेधा! संपल्यावर कागदावर दातांच्या खुणा होत्या. मला एकदम तू आठवलीस. मिरजेच्या मैदानावर, गुडघा फुटलेला, खांबाला हात लावून वळताना ओठ दाबलेले.

तुला मी हे कधी विचारलं नाही, आणि तूही कधी बोलली नाहीस. शेवटच्या वर्षी अप्पांनी सांगितलं, जीआरईकडे बघ, आणि तू खो-खो सोडलास. झोनलची टीम जाहीर झाली त्या दिवशी हॉस्टेलवर तू जेवायला आली नाहीस. नंतर ईस्ट लान्सिंगला रेड सीडरच्या काठानं तासन् तास एकटी चालायचीस. मी भेटायला यायचे तेव्हा म्हणायचीस, सवय आहे. सगळं चांगलं झालं तुझं. डिग्री, नोकरी, घर, ओंकार. अप्पा चुकीचे होते असं मी म्हणत नाही. पण सईच्या बाबतीत मी आता अप्पांच्या जागी उभी आहे, आणि माझ्या ओळखीत एकच माणूस आहे ज्याला दुसरी बाजू आतून माहीत आहे.

माझं मत विचारशील तर ॲन आर्बर जास्त चांगलं कॉलेज आहे, आजही म्हणते, तुझ्या डेअरी स्टोअरच्या आइस्क्रीमची शपथ. पण तिला मी पळणं सोडायला लावणार नाही. एक वर्ष मिळालं तर एक वर्ष. फक्त ती सतरातून बाहेर पडली तर तिला कुणीतरी लागेल जे ‘आम्ही सांगितलं होतं’ म्हणणार नाही, आणि श्रीरंग ते म्हणणार हे मला आत्ताच दिसतंय.

तू तिच्याशी बोल. रविवारी तुझ्या संध्याकाळी सातला, आमची सकाळ असते, ती लाँग रन करून आलेली असते आणि तोंडात काहीतरी असतं, म्हणजे ऐकून घेते. तिला ईस्ट लान्सिंगचं कौतुक सांगू नकोस, ते तिला पाठ आहे. सोडल्यावर काय होतं ते सांग. जे असेल ते. काहीच झालं नाही असं असेल तर तेही सांग, मी ऐकायला खोलीत थांबणार नाही.

ओंकारची बारावी कशी गेली? सीईटीला जास्त ताणू नकोस त्याला. सोसायटीच्या पुनर्विकासाचं काय ठरलं, बिल्डरनं भाडं किती कबूल केलं? लेखी घे. काकूंना नमस्कार.

तुझी,
वृंदा

ता. क. काकूंच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की कळव. श्रीरंगचा भाऊ त्या आठवड्यात पुण्यात असेल, गाडी घेऊन येईल.