माळ नसलेला शाकाहार

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की आपल्या दैनिकाच्या पुरवणीत महिनाभर शाकाहारी पाककृती येतात आणि गौरी-गणपती उरकले की त्याच जागी पुन्हा सुरमई आणि कोंबडी-वडे दिसू लागतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण आमच्या स्वयंपाकघराचे वेळापत्रकही पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले आहे. मात्र श्रावण संपल्यावरही जिला शाकाहारीच राहायचे आहे, पण जिच्या घरात बाकी सगळे मासे खाणारे आहेत, अशा बाईची अडचण कोणी मांडलेली माझ्या वाचनात आली नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचे घर मूळचे मुरूडच्या बाजूचे असून सध्या आम्ही पनवेलला राहतो. तीन वर्षांपूर्वी मी मांस-मासे सोडले. जिवंत चिंबोरीचे नांगे मोडणे हे काम मी लग्नापासून बिनबोभाट करत आले होते, ते एके दिवशी हातून होईना, इतकेच त्याचे कारण आहे. या तीन वर्षांत माझा निश्चय निदान सात वेळा मोडला. प्रत्येक वेळी मी स्वतःला दुबळ्या मनाची म्हणून घेतले आणि घरच्यांनीही त्याला दुजोरा दिला. आता मागे वळून पाहताना ते निदान चुकीचे होते असे वाटते, कारण त्या सात वेळांपैकी जिभेच्या चोचल्यापायी मोडल्याची वेळ एकच होती. (ती पोपटीची. माघातली थंडी, भांबुर्डीच्या पाल्याचा वास आणि वालाच्या शेंगांबरोबर त्याच मडक्यातून निघालेली कोंबडी. त्या रात्रीची सबब मी सांगणार नाही.)

बाकीच्या वेळा बहुतेक रात्रीच्या भुकेच्या होत्या. दुपारी घरातल्यांसाठी बांगड्याचे तिखले आणि भात करायचा आणि स्वतःसाठी वेगळे काही करण्याचा कंटाळा म्हणून वरण-भात, लोणचे, पापड यांवर भागवायचे, असा माझा क्रम असे. एका वाटी पातळ वरणात डाळ जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम असते, म्हणजे त्यातून प्रथिने पाचेक ग्रॅमच मिळतात. १०० ग्रॅम बांगड्यात ती विसाच्या आसपास असतात. ताटातला मासा मी काढून टाकला होता, पण त्याच्या जागी काहीच ठेवले नव्हते, हे माझ्या लक्षात यायला वर्ष गेले. रात्री अकरा वाजता पोटात कावळे ओरडत असताना फडताळातला सुकटीचा डबा दिसला, की भाकरीचा तुकडा आणि तव्यावर परतलेली मूठभर सुकट यांच्यापुढे तत्त्व टिकत नसे. दुसऱ्या वर्षी थकवा वाढला म्हणून रक्त तपासले, तेव्हा बी-१२ जीवनसत्त्व बरेच कमी निघाले. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून भरवशाने मिळत नाही, ते दूध, दही, पनीर, अंडी यांतून घ्यावे लागते किंवा गोळीतून. मी तर अंडीही सोडली होती आणि दुधाचे म्हणावे तर फक्त दोन कप चहा घेत होते. घरात मात्र निष्कर्ष एकच निघाला, की हे सगळे त्या खुळामुळे झाले.

आमच्या घरात याआधी एक शाकाहारी होऊन गेले. माझे आजेसासरे माळकरी होते. त्यांनी उमेदीच्या वयात तुळशीची माळ घातली आणि अखेरपर्यंत मासळीला स्पर्श केला नाही, असे घरात अभिमानाने सांगितले जाते आणि माझ्यापुढे तर जरा अधिकच वेळा सांगितले जाते. एकदा वाल सोलायला बसलो असताना सासूबाईंना मी विचारले, की आजोबा रोज जेवत काय होते? तेव्हा त्यांनी जे सांगितले ते माझ्या दृष्टीने त्या अभिमानापेक्षा मोलाचे होते. आजोबांचा टोप, तवा आणि पळी वेगळी असे. त्यांचे पान आधी वाढले जाई आणि ते उठल्यावरच माशाचा तवा चुलीवर चढे. त्यांच्यासाठी आज बिरडे, उद्या काळ्या वाटाण्याची आमटी, परवा मसूर, पावसाळ्यात टाकळा किंवा काकडे घालून केलेली शेवळे यांसारख्या रानभाज्या, असे काही ना काही रोज वेगळे रांधले जाई. रांधणाऱ्या आधी माझ्या सासूबाईंच्या सासूबाई होत्या, मग सासूबाई स्वतः. दोघीही मासे खाणाऱ्या. लग्नाकार्यातही ‘ते माळकरी आहेत’ एवढे म्हटले की पंगतीत त्यांचे पान वेगळे मांडले जाई आणि कोणी दुसरा प्रश्न विचारत नसे. त्यांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. पण ती निष्ठा तेवत राहावी म्हणून दोन बायकांनी वर्षानुवर्षे रोज दोन स्वयंपाक केले, हा भाग घरच्या कथेतून गळून गेला आहे.

माझ्यासाठी दुसरा स्वयंपाक करणारी मीच, आणि पहिला करणारीही मीच. शिवाय सार न चाखता त्यातल्या मिठाचा आणि आंबटाचा अंदाज कसा घ्यायचा, हा प्रश्न आजोबांना कधी पडला नसणार! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८३ टक्के पुरुष रोज, आठवड्यातून किंवा कधीमधी तरी मासे, कोंबडी वा मांस खातात. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ७१ टक्के आहे. या फरकामागे व्रते, उपास, परवड अशी अनेक कारणे असतील. तरीही हे आकडे वाचल्यावर स्वतः न खाता घरातल्यांसाठी मासे साफ करणाऱ्या, वाटण वाटणाऱ्या कितीतरी बायका माझ्या डोळ्यांसमोर आल्या.

सासूबाईंनी मला उपाय सुचवला, की तूही माळ घाल, मग कोणी काही बोलणार नाही. त्यांचा हेतू चांगला होता आणि व्यवहार म्हणून तो सल्ला अचूकही होता. परंतु मी वारी करत नाही, माझ्या हातून एकादशीही नेमाने होत नाही, आणि केवळ लोकांची तोंडे बंद व्हावीत म्हणून गळ्यात माळ घालणे हा वारकऱ्यांचा अपमान ठरेल, असे मला वाटते. त्यामुळे प्रत्येक हळदीला, प्रत्येक बारशाला मला नव्याने खुलासा करावा लागतो. गौरीच्या दिवशी तर तोही चालत नाही, कारण आमच्याकडे गौरीला तिखटाचा, म्हणजे मांस-मासळीचा, नैवेद्य असतो आणि प्रसाद नाकारणे कोणालाच खपत नाही. दोनदा मी तो खाल्ला. त्या दोन वेळा वरच्या सातांत धराव्यात की नाही, याचा निर्णय अजून झालेला नाही. मी त्या धरल्या आहेत.

यावर आणखी एक ताण आहे, ज्याबद्दल उघड बोलले जात नाही. आम्ही मासे खातो म्हणून काही वर्षांपूर्वी एका सोसायटीत आम्हाला भाड्याने घर नाकारले गेले होते. ती बोच माझ्या यजमानांच्या मनात अजून आहे, त्यामुळे मी ताटातला मासा बाजूला सारते तेव्हा त्यांना मी त्या सोसायटीच्या बाजूची झाल्यासारखे वाटते. त्यांचे हे वाटणे मला अन्यायाचे वाटले तरी अनाकलनीय वाटत नाही. शाकाहाराला ज्यांनी सोवळ्याची आणि उच्चनीचतेची खूण बनवले, त्यांनी माझ्यासारखीची वाट अधिक अवघड करून ठेवली आहे, आणि त्यांच्या पंगतीत माझी गणना होऊ नये अशी माझी इच्छा आहे.

निश्चय मोडण्याबद्दल बोलायचे तर गांधीजींचे उदाहरण मला धीर देते. दूध न घेण्याचे व्रत असताना १९१८ च्या दीर्घ आजारपणानंतर त्यांनी शेळीचे दूध घेतले, आणि व्रत घेताना आपल्या मनात गाय-म्हैसच होती, ही पळवाट शब्दाला धरून असली तरी व्रताच्या आत्म्याला धरून नाही, अशी कबुली त्यांनी आत्मचरित्रात दिली. शेळीच्या दुधाचा मार्ग त्यांना कस्तुरबांनी सुचवला होता. व्रत एकाचे असले तरी त्याची काळजी वाहणारे माणूस दुसरे असते, हे इथेही दिसते.

गेल्या सात-आठ महिन्यांत माझा नेम मोडलेला नाही, आणि त्याचे श्रेय मी मनोबलाला देत नाही. शनिवारी रात्री वाल आणि मूग भिजत पडतात, रविवारी फडक्यात बांधले जातात, सोमवारी वाल सोलायला धाकटा मुलगा बसतो आणि त्या बदल्यात मोबाइलवर सामना पाहण्याची मुभा घेतो. माशाच्या साराचे मीठ थोरला मुलगा चाखतो. सुरुवातीला दोन वेळा त्याने सगळ्यांना खारट जेवू घातले, आता हात बसला आहे. दही रोज लागते. बी-१२ ची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू आहे. सुकटीचा डबा सासूबाईंच्या खोलीत गेला आहे.

आपल्याला विनंती एवढीच, की पुरवणीतील शाकाहारी पाककृती श्रावणापुरत्या न ठेवता वर्षभर, आठवड्यातून एक का होईना, द्याव्यात. त्याही पनीरच्या नकोत. हॉटेलात गेल्यावर तेवढेच मिळते. मासे खाणाऱ्या घरांतही पूर्वापार होत आलेले बिरडे, केळफूल, फणसाची भाजी, शेवळे, काळ्या वाटाण्याची आमटी यांच्या कृती हव्या आहेत, आणि त्या चार माणसांसाठी न देता एका माणसाच्या मापाने द्याव्यात. एका माणसाला बिरड्यासाठी वाल किती भिजवावेत, हे मला अजूनही अंदाजानेच ठरवावे लागते, आणि दर वेळी जास्तच होतात.

आपली नम्र,
एक वाचक, पनवेल