आज दर्यो कसो आसा, तात्यानू?

ती. तात्या,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानून पाहिले. "आभार मानूक मी काय सभेचो अध्यक्ष?" असं म्हणून तुम्ही कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेलात. म्हणून आता हे उघड पत्र. नात मोबाइलवर वाचून दाखवेल तेव्हा अर्ध्यावरून उठायचं नाही. पत्र पुस्तकी मराठीत आहे, त्याला इलाज नाही. मास्तर माणूस मालवणीत लिहायला बसला की शुद्धलेखनात स्वतःचेच मार्क कापत बसतो.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. आमचं घर आरवलीच्या बाजूला, शिरोड्याजवळ. बायको सरकारी रुग्णालयात नर्स, त्यामुळे रात्रपाळ्या ठरलेल्या. गावात रात्रभर जागे असतात ते दोघेच: राखणीला फिरणारा आमचा ग्रामदेव वेतोबा आणि माझी बायको. फिरून फिरून वेतोबाच्या चपला झिजतात म्हणून लोक त्याला चामड्याच्या नव्या चपला वाहतात. हिच्या स्लीपरचं कुणाला काही नाही. मी शाळेवर, मुलं दोन, आणि स्वयंपाकघर पूर्ण आईच्या ताब्यात. ऐन आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या धांदलीत, अंगणात सुके बांगडे उलटत असताना आईचा पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं, पण वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, अशी ताकीद मिळाली. पळी माझ्या हातात आली ती अशी.

शेजारपाजारच्यांनी डबे आणले. त्यांचे उपकार आहेतच. तुम्ही मात्र रिकाम्या हाताने आलात. मी तीन शेगड्यांवर तीन भांडी चढवून, एकीकडे कुकरच्या शिट्या मोजत, दुसरीकडे मुलाच्या गणवेशाचं बटण शोधत होतो. तुम्ही दारात उभं राहून विचारलंत, "मास्तरानू, आज दर्यो कसो आसा?"

मी म्हटलं, बंदरावर बावटा लागलाय म्हणतात.

"बंदराचा नाय, घराचा इचारतंय."

मग मोड्यावर बसून तुम्ही बोटीवरच्या गोष्टी काढल्यात. उभी हयात जहाजावर कूक म्हणून काढलेला माणूस वहाळापलीकडे राहतो, आणि मला त्याच्याकडून आजवर माहीत काय होतं, तर फणस कधी उतरवायचा. दर्या खवळला की बोटीवर तळण बंद, हे मी तुमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. टोप अर्ध्याच्या वर भरायचा नाही. शेगडीला कठडा असतो, टोप त्यात अडकवायचा. टेबलावरचं कापड ओलं करून अंथरायचं, म्हणजे ताटं घसरत नाहीत. आणि जेवण एका टोपातलं, वाटीतून खाता येईल असं. "कॅप्टन असो नायतर खलाशी, त्या दिवशी 'ह्या काय केलंस' म्हणून कोण इचारणा नाय." मेन्यू दर्या बघून ठरतो, आचाऱ्याची हौस बघून ठरत नाही, एवढंच तुमचं म्हणणं. उठता उठता माझ्या तीनपैकी दोन शेगड्या तुम्ही बंद केल्यात. भाजी कच्ची राहिली. ती कुणाला आठवलीसुद्धा नाही.

कुळथाची पिठी शिकवलीत त्या संध्याकाळी नेमकी वीज गेलेली. गॅसच्या उजेडात तुम्ही लसूण ठेचलीत, तेलात टाकलीत, वर मिरची. कुळथाचं पीठ मी थेट उकळत्या पाण्यात घालणार होतो. तुम्ही मनगट धरलंत. गरम पाण्यात पीठ पडलं की वरचा थर लगेच शिजतो, आत कोरडं राहतं, त्याच्याच गाठी होतात. म्हणून आधी गार पाण्यात कालवायचं. मग आमसुलं आणि मीठ घातलेल्या आधणात एका हाताने ओतायचं, दुसऱ्याने ढवळायचं.

"आणि तोंड बंद ठेव."

"तोंड कशाला?"

"शिंतोडो उडालो तर जिभेर बसतलो."

पिठी खदखदायला लागली आणि खरंच उडायला लागली. मुलं लांबून टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "लसूण करपली!" खाटेवर पडल्या पडल्या तिचं नाक अख्खं स्वयंपाकघर चालवत होतं. तुम्ही तिथूनच ओरडलात, "वयनीनू, तुमी नाकान जेवलात, आता आमका तोंडान जेवूक द्या!" आई हसली आणि लगेच कळवळली, "हसवू नका हो, टाके ओढतात." ऑपरेशननंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा. त्या रात्री पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा एवढंच ताटात होतं. सकाळी ड्युटीवरून आलेल्या बायकोने उरलेली पिठी टोपातूनच खाल्ली. कुळथात शंभर ग्रॅममागे साधारण 22 ग्रॅम प्रथिनं असतात, हाड जुळताना हेच हवं, असं तिने ऐकवलं. म्हणजे मी आळसापोटी केलेलं जेवण वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरलं. असा योग माझ्या आयुष्यात वारंवार येत नाही.

मग तो सगळा पावसाळा त्याच चालीने गेला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे ताजी मासळी अशीही नव्हतीच. आईने पडायच्या आधी भरून ठेवलेल्या डब्यांवर आम्ही दिवस काढले. गोलमो, म्हणजे सुकी बारीक कोलंबी, भाजून, त्यात कांदा, ओलं खोबरं आणि भिजवलेल्या आमसुलाचं पाणी घालून किसमूर करायला तुम्ही शिकवलंत. मऊ भाताशी ते असलं की मुलं पापडसुद्धा मागत नाहीत. नारळ खवायचा कंटाळा आला तर सोलकढीऐवजी फुटी कढी. आमसुलाचं पाणी, हिंग, जिरं, मिरची, कोथिंबीर, काम संपलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं हे मी मास्तरकीच्या सुरात सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "आमसुलाक सर्टिफिकेट गावला, माका खंय?" सर्टिफिकेट माझ्या हातात नाही, तात्या. पत्र आहे, ते घ्या.

पेजेबद्दल फार लिहीत नाही. तुमच्या पेजेला तोड नाही आणि माझी अजून तळाला लागते.

घावनांचं मात्र लिहायलाच हवं. पीठ ताकासारखं पातळ, बिडाचा तवा चांगला तापलेला, तरच जाळी पडते. माझं पहिलं घावन दर वेळी फाटतं. "पयला घावन तव्याक," असं म्हणून ते फाटलेलं तुम्ही स्वतःच्या ताटलीत घेता. एकदा दुसरंही फाटलं, तिसरंही फाटलं. तुम्ही तिन्ही खाल्लीत, चटणी लावून, आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत. चौथं जमलं ते मुलीच्या डब्यात गेलं. शाळेत आम्हाला मूल्यशिक्षणाचा तास असतो. त्या तासाला काय शिकवायचं ते मला तुमच्या ताटलीकडे बघून बरंचसं कळलं.

आणि ती ओल्या टेबलक्लॉथची गोष्ट. आईला बघायला बायकोच्या माहेरची माणसं न कळवता आली. दारात छत्र्यांचा ढीग, घरात उकड्या तांदळाशिवाय धड काही नाही. मी तुम्हाला हाक मारली तशी तुम्ही मागच्या दाराने आलात आणि पिठीचा मोठा टोप चढवलात. आता, बोटीच्या गोष्टी ऐकून ऐकून आमच्या कन्येने काय करावं? टेबलावरचं कापड बादलीत बुडवून, जेमतेम पिळून, तसंच अंथरलं. पाहुणे बसले. मेहुण्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. क्षणभर कुणाला काही सुचेना. मुलीचा चेहरा रडवेला झाला. तुम्ही समोरच्या खुर्चीवर बसलात, दोन्ही कोपरं त्या ओल्या कापडावर ठेवलीत आणि मेहुण्याला म्हणालात, "शाब्बास म्हणा तिका. आता एक पण ताट घसरूचा नाय." मेहुण्याने बाह्या दुमडल्या आणि पिठी तीनदा मागून घेतली. मी रागावण्याच्या तयारीत होतो, ते राहूनच गेलं.

तेव्हापासून कॅलेंडरवर मुलगी रोज एक अक्षर लिहिते, 'शां' नाहीतर 'ख'. 'ख' असेल त्या दिवशी एकच टोप, आणि कुणीही नाक मुरडायचं नाही. हा नियम आईलाही लागू आहे, पण ती पाळत नाही. परवा माझ्या शाळेची तपासणी होती. त्या दिवसाच्या चौकटीत लिहिलेलं सापडलं: 'दर्या शांत, बाबा खवळलेले.' घरच्यांनी गुपचूप पेज केली होती.

आई आता काठी घेऊन ओट्यापर्यंत येते. स्वयंपाकघराचा ताबा परत मागते, पण संध्याकाळची पाळी मी सोडलेली नाही. मला आता ती आवडायला लागली आहे. हे बायकोला सांगू नका, ती सकाळचीही माझ्याकडे देईल.

आता बांगडे येऊ लागलेत. रविवारी आणतो. साफ तुम्ही करायचे, कालवण मी करणार, आणि मुलीने कापड ओलं केलं असेल तर अर्ध्या बाहीचा शर्ट घालून या. आणि हो, आईने मुद्दाम लिहायला सांगितलंय: तात्यांची पिठी बरी असते, पण आमसुलं दोन जास्त घालतात.

तुमचा,
वहाळाअलीकडचा मास्तर